एक और प्लिए

“तू झाड हो, बाई. मागं उभी राहा अन् हलू नको.”

चाळीस वर्षांपूर्वी कळमेश्वरच्या शाळेत, गॅदरिंगच्या नाचात, बायजाबाई मॅडमनी असं सांगितलं होतं. सुहासिनी इतकी मन लावून झाड झाली, की पडदा पडल्यावर तिला दोघींनी धरून आत न्यावं लागलं.

आता पन्नाशीला तिनं ठरवलं, झाड पुरे झालं. फोनवर बॅले नाचाच्या धर्तीचा एक व्यायाम सापडला होता. एकवीस दिवसांत हंसासारखी मान. मानेखालच्या प्रदेशाबद्दल जाहिरात काही बोलत नव्हती.

अडचण जागेची. हॉलमध्ये दिवाणावर सासरे, नानाजी. कुही गावच्या घरी पडून त्यांचा खुबा मोडला, तेव्हापासून सात महिने मुक्काम नागपुरात. डॉक्टर म्हणाले होते, वॉकर सुटला की घरी जाऊ द्या. म्हणून सुहासिनी त्या वॉकरकडं अशी बघायची, जशी पोरं शेवटच्या पेपरच्या तारखेकडं बघतात. हॉल मोकळा झाला की तिचा हंस तिथं पोहणार होता.

“नानाजी, आज कसं वाटते?”

“कसं वाटन? तसंच,” नानाजी कण्हत सांगायचे.

शेवटी तिनं बेडरूममध्येच मुहूर्त केला. धरायला आडवा दांडा हवा, त्याला म्हणे बार. खिडकीचे गज उंच पडले, कूलरचा स्टँड डुगडुगला. नानाजी दुपारचे घोरत होते. तिनं हळूच त्यांचा वॉकर उचलला आणि दार लोटून घेतलं. उंची अगदी मापात.

फोनमधली बाई मधाळ हिंदीत सुरू झाली. “बार को पकड़िए. धीरे से एक प्लिए.”

प्लिए म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं खाली बसायचं. गावाकडं घागर उचलताना बायका हेच करत, पण त्यांना कोणी सुंदर म्हणत नसे.

“बहुत सुंदर. एक और प्लिए. अब गहरा वाला.”

हॉलमध्ये नानाजींची झोप उडाली. त्यांनी मौद्याला ड्यूटीवर असलेल्या मुलाला फोन लावला.

“मधुसूदन, सुहास पिऊन राहिली गा.”

“काय पिऊन राहिली?”

“दार लोटून बसली. संग कोणी बाई आहे. एक पी लिए, और एक पी लिए, असं मोजून देते. बारचं नाव बी घेतलं.”

“बाबा, सुहास चहाशिवाय काही पीत नाही.”

“तेच म्हणतो ना. सवय नाही, अन् पाचवी चालू आहे.”

मधुसूदननं घाबरून बायकोला फोन लावला. त्या घडीला सुहासिनीची एक टाच वॉकरच्या दांडीवर होती आणि एक हात छताकडं, वेलीसारखा. फोनमधली बाई गेली, तिच्या जागी नवरा आला. सुहासिनी दचकली. मुठीखालचं बटण दाबलं गेलं आणि वॉकरनं तिला पायासकट छत्रीसारखं मिटून घेतलं.

धप्प.

दार उघडलं. नानाजी आत आले. तिला बगलेत धरून उठवलं, पलंगावर बसवलं. वॉकर एका हातानं उचलून कोपऱ्यात ठेवला, स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी आणलं. मग वाकून तिचं तोंड हुंगलं.

“वास तर येत नाही.”

“व्यायाम करून राहिली होती, नानाजी.” ती पाणी प्यायली. तिनं वॉकरकडं पाहिलं. मग नानाजींच्या पायांकडं. “तुम्ही चालत आले.”

नानाजी घाईनं कण्हले, पण जरा उशीर झाला होता.

“कधीपासून?”

“आत्ताच. तुझ्या धप्पानं नस मोकळी झाली असन.”

“नानाजी.”

“दोन महिने झाले,” ते खिडकीकडं बघत म्हणाले. “तुम्ही दोघं गेले का गच्चीवर जाऊन येतो.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

फोनमधली बाई परतली होती. ती सुहासिनीला मुस्कुराते रहिए म्हणत होती. सुहासिनीनं फोन पालथा घातला. नानाजी तिच्या शेजारी पलंगावर टेकले. धोतराचा काठ चुरगाळू लागले.

“कुहीले मी पडलो ना वं,” ते म्हणाले, “तर तो धप्प मले एकट्यालेच ऐकू आला.”