धानवाली बाईचं अनावरण

"सारं माझ्यावर सोडा! असं अनावरण बालाघाटानं पाहिलं नसेल!" मोहल्ल्याच्या बाग समितीत मी छाती ठोकून सांगितलं. मी समितीचा सेक्रेटरी. बाग केवढी? दोन म्हशी बसल्या की भरली! पण पुतळा झोकदार. डोक्यावर धानाचा भारा घेतलेली सिमेंटची शेतकरीण, कटंगीच्या डोमाजीनं घडवलेली.

कार्यक्रमाच्या सकाळी ती मला जरा फिकी वाटली. मी चांदीचा रंग आणला, स्वतःच्या हातानं फासला, वर चादर टाकली आणि मिशीवर ताव दिला!

संध्याकाळी बाग गच्च! पहिल्या रांगेत आमची विमला, जरीचं लुगडं नेसून. पाहुणे, म्हणजे रिटायर्ड तहसीलदारसाहेब, मंचावर बसलेले. मी सहज चादर ओढून पाहिली. हलेना! रंग ओलाच होता आणि चादर बाईला जळवेसारखी चिकटलेली!

"डोमाजी, आता?" मी मंचामागे उभ्या मूर्तिकाराला गाठलं.

"आतून सोडवा लागते, साहेब. मी पाहुण्याले थांबवतो."

घुसलो चादरीत! एका हातानं बाईची कंबर धरली, दुसऱ्यानं कापड सोडवत वर सरकलो. भाऱ्याजवळचं शेवटचं टोक सुटलं, आणि बाहेर पाहुण्यांचा धीरही!

"अरे, कब तक रुकें?" म्हणत त्यांनी दोरी ओढली.

चादर खाली! आणि मी, नखशिखांत चांदीचा, बाईला मिठी मारून उभा!

टाळ्यांचा कडकडाट! हललो तर फजिती, म्हणून मी श्वासच रोखला.

"वाह! किसान भी साथ में!" पाहुणे चष्मा पुसत म्हणाले आणि झेंडूचा हार त्यांनी माझ्याच गळ्यात घातला. "देखिए, पति-पत्नी का कैसा प्रेम है!"

भाषण लांबलं. झेंडू नाकात शिरला.

"आऽऽक्छी!"

"मूर्ती जित्ती झाली!" कोणीतरी किंचाळलं. पाहुणे मंचावरून खाली, पहिली रांग खुर्च्यांसकट उताणी! उभी राहिली ती एकटी विमला. जवळ आली, मला निरखून पाहिलं.

"काही जित्तीबित्ती नाही झाली. आमच्या घरचेच हायेत हे!"

"विमला, मी फक्त चादर..."

"घरी भिंतीले चुना लावा म्हटलं तं तुमची कंबर दुखते. अन् इथं दुसरीची कंबर धरून उभे हायेत, सारं भाषण होईस्तोवर!"

दुसऱ्याच दिवशी चारी भिंती मी पांढऱ्या केल्या. कानामागचा रंग मात्र घासलेट लावूनही निघेना. बाजारात जावं तर लोक हात जोडून विचारत, "काय गुणाकरभाऊ, चांदी हाये नं तुमची?"