गफूरभाईंचे अकरा

गफूरभाईंनी माझा चेहरा नीट पाहिला तो ओळख होऊन वर्ष उलटून गेल्यावर. तोवर ते माझ्या पोटऱ्यांशीच बोलत. "नमस्कार सर," म्हणायचे आणि नजर पँटच्या खालच्या शिवणीवर. ते लातूरच्या एस.टी. स्टँडवर ऑटो चालवतात. बाकीच्या ऑटोंचा आरसा मागचा रस्ता दाखवतो. यांचा आरसा असा खाली झुकवलेला की बसलेल्या माणसाचे गुडघ्यापासून खालचे पाय तेवढे दिसावेत. "चेहरा फसवतो सर, पोटरी फसवत न्हाई," हे त्यांचं ब्रीद. माझ्या पोटऱ्यांबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "ह्या बसून खानाऱ्या मानसाच्या हायेत."

दुर्दैवानं मी कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच होतो.

कोच कसा झालो, तेही सांगतो. मी शिकवतो मराठी. नोकरीला लागताना अर्जात 'छंद' असा रकाना होता. सगळे वाचन लिहितात म्हणून मी जरा ऐटीत फुटबॉल लिहिलं. अर्जात खोटं लिहू नये. अर्ज वाचणारे प्राचार्य असतात. आठवड्याभरात माझ्या गळ्यात शिट्टी आली. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच की टीव्हीवर सामना लागला की दहाव्या मिनिटाला मला फार सुंदर झोप लागायची.

मैदानावरही फारसं वेगळं होत नसे. कॉलेजच्या मागं मैदान, मैदानापलीकडं डाळमिली. संध्याकाळी ऊन पिवळं होऊन तिरपं यायचं, तुरीच्या भुशाची बारीक धूळ हवेत तरंगत राहायची, आणि त्या धुळीत पोरं पाण्याखालून पळाल्यासारखी हळूहळू पळायची. चेंडूही उतरायला वेळ घ्यायचा. मी शिट्टी तोंडात धरून उभा असायचो आणि वाटायचं, हे सगळं फार लांब, दुसऱ्याच कुणाच्या तरी आयुष्यात चाललंय. अशाच तंद्रीत पहिल्या सामन्यात मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे विसरलो आणि गोल झाल्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी बाजूनं गफूरभाईंचा शांत आवाज आला.

"सर, तुमचं मन लई मोठं हाय. पर गोल त्यांचा हाय."

आमचे कायमचे प्रेक्षक दोन. मैदानाच्या भिंतीवर रोज साडेपाचला येऊन बसायचे. एक गफूरभाई, दुसरे किशनराव. किशनराव अडतीवर मुनीम होते, आता रिटायर. टीम का हरते यावर दोघांचं रोज भांडण व्हायचं, आणि ते माझ्यासमोर, मी गोलचा खांब असल्यासारखं.

"कोच बदला," किशनराव म्हणायचे. "कवितेचा मास्तर, अन् फुटबॉल शिकवून राहिला."

"कोच बदलून काय हुईल?" गफूरभाई विचारायचे.

मला बरं वाटायचं. तेवढ्यात ते पुढं म्हणायचे, "कोच असला काय अन् नसला काय."

"मंग तुझी पोरं बदल! गफूर, ही टीम हाय का मयतीला आलेले पाव्हणे?"

यात मात्र तथ्य होतं. टीमची भरती गफूरभाईंकडं होती. कुणी दिली नव्हती, त्यांनी घेतली होती. जूनमध्ये लातूरच्या स्टँडवर गावोगावचे बाप पोरांना घेऊन उतरतात. ट्रंक, गुंडाळलेली गादी, लाडवांचा डबा. पोराला क्लासला घालायचं, होस्टेलवर टाकायचं आणि परतीची गाडी पकडायची. क्लास कुठलाही असो, नावापुरता प्रवेश कुठल्यातरी कॉलेजात घ्यावाच लागतो. बाप गावी गेला की गफूरभाई एखाद्या पोराला हेरून ऑटोत घालायचे आणि "वाटंतच हाय" म्हणत आमच्या कॉलेजात आणायचे. आमचं कॉलेज कुणाच्याच वाटेत नाही. बाप पुढल्या फेरीला येऊन सही करून जायचा.

आणि कसली पोरं! बारीक, चष्म्यातली, हरवलेली. आमचा गोलकीपर माधव इस्लापूरकडचा. डाळमिलीची घरघर सुरू झाली की त्याला गावाकडचा सहस्रकुंडाचा धबधबा ऐकू यायचा. मग तो मान वळवून तिकडं बघत राहायचा, आणि चेंडू त्याला त्रास न देता शेजारून आत जायचा.

माधव टीममध्ये आला तो माझ्यामुळं, म्हणजे माझ्या फजितीमुळं. त्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "यंदा नांदेडची मॅच जिंकली नाही, तर टीम बंद. मैदानावर गाड्यांचं पार्किंग करू." मी हादरलो. म्हटलं, आता भरती आपणच करायची. गफूरभाईंच्या ऑटोत बसून स्टँडवर गेलो. किनवटच्या गाडीतून एक जवान उतरला. काय त्याच्या पोटऱ्या! एखाद्या देवळाचे खांब. मी झडप घातली. पंधरा मिनिटं त्याला फुटबॉलचं महत्त्व सांगितलं, रसवंतीत नेऊन रस पाजला, प्रवेशाचा अर्ज स्वतःच्या हातानं भरायला घेतला. 'जन्मतारीख' विचारली तेव्हा तो लाजून म्हणाला, "सर, मला दोन लेकरं हायेत. मी मामा हाय. भाच्याला सोडायला आलोय."

भाचा म्हणजे माधव. गफूरभाई हसले नाहीत. मामा परतीच्या गाडीत बसेपर्यंत थांबले, गाडी गेल्यावरही बराच वेळ ऑटोला टेकून राहिले, मग मला म्हणाले, "पोरगं घेऊ."

"त्याला पोटऱ्याच नाहीत, गफूरभाई!"

"येतील."

दिवाळीनंतर नांदेडचा सामना ठरला. किशनरावांनी त्यांचं हुकमी पान काढलं. हिमायतनगरची तीन पोरं, शाळेपासून खेळलेली, आमच्याच कॉलेजात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. एका संध्याकाळी ती मैदानात उतरली आणि मी पहिल्यांदाच जागेपणी फुटबॉल पाहिला. चेंडू पायाला चिकटलेला, मान वर. त्या रात्री मी संघाची यादी केली. हिमायतनगरचे तीन आत. माधव आणि आणखी दोघं बाहेर. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी वाचून दाखवली. किशनरावांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! मास्तर, आज तुम्ही कोच झालात."

मी गफूरभाईंच्या भडक्याची वाट बघत होतो. त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"मंग ह्या तिघांनी साडेपाचला कुठं जायचं?"

"म्हणजे?"

"क्लास पाचला सुटतो, सर. मेस आठला. मधी तीन तास पोरगं खोलीत भिताडाकडं बघत बसतं. मला ठाव हाय कोन कसं बसतं. मी जातो ना खोल्यांवर."

"अरे पण पोटऱ्या—" किशनराव म्हणाले.

"कशाच्या पोटऱ्या, किशनराव? बापाची गाडी गेल्यावर काही पोरं लगेच फिरतात, चहा पितात, मोबाइल काढतात. त्यांची काळजी न्हाई. एखादं मात्र तिथंच उभं ऱ्हातं. गाडी गेलेल्या रस्त्याकडं बघत. पंधरा मिनटं, अर्धा तास. मी तेवढीच घेतो. असं सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. पोटऱ्या म्हनलं की मानूस जाणकार वाटतो."

किशनराव भिंतीवरून उतरले, पाठ करून उभे राहिले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर लई खराब हाय. यादी पुन्हा लिहा."

मी पुन्हा लिहिली. हिमायतनगरच्या पोरांनी अजिबात मनावर घेतलं नाही. ती तशीही मेसपर्यंत गल्लीत खेळत असत. "पुढल्या वर्षी बघू, सर," म्हणाली.

नांदेडला आम्ही चार-शून्यनं हरलो. मैदानाचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. प्राचार्य टेप घेऊन मोजायला आले ते नेमके साडेपाचला. मोजत मोजत मधल्या रेघेपर्यंत आले तर समोर पोरं खेळत होती आणि कुणी हटेना. प्राचार्य जरा वेळ उभे राहिले, टेप गुंडाळली आणि म्हणाले, "बरं, तूर्त इथपर्यंत." आता अर्ध्यात गाड्या लागतात, अर्ध्यात आम्ही खेळतो. आमचं काही अडत नाही. पलीकडच्या अर्ध्यात आमचा चेंडू फारसा कधी गेलाच नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते नांदेडहून परतीच्या एस.टी.तलं. सामना सकाळी आटोपला होता. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकून झोपली होती. खिडकीतून हरभऱ्याची शेतं मागं मागं सरकत होती, ऊन उतरत होतं, आणि गाडी चालते आहे की जमीनच वाहते आहे ते कळत नव्हतं. गफूरभाई माझ्या शेजारी. मी सहज विचारलं, "तुम्हाला हे कसं सुचलं, गफूरभाई? पोरं उभी राहतात ते?"

ते खिडकीकडं बघत म्हणाले, "माझा इर्फान. दहावीनंतर पुण्याला सोडला होता. परतीच्या गाडीत मी खिडकीशीच बसलो. पर मागं बघितलं न्हाई, सर. बघितलं असतं तर उतरलो असतो. ते किती येळ उभं होतं, मला आजपत्तूर ठाव न्हाई."

"विचारलं नाही कधी?"

"आता कसं विचारायचं? मोठा साहेब हाय. परदेशात ऱ्हातो. ईदला फोन येतो."

मी आयुष्यभर नको तिथं नाक खुपसत आलो आहे. म्हटलं, "आत्ता विचारा. लावा फोन."

ते नको नको म्हणत राहिले, आणि नको म्हणतानाच त्यांनी नंबर लावला. "हां बेटा. न्हाई, काय न्हाई. असंच. जेवलास का?" मी कोपर मारलं. त्यांनी माझ्याकडं रागानं पाहिलं, तोंड खिडकीकडं वळवलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. मग ऐकत राहिले. बराच वेळ. फोन खिशात ठेवला तेव्हा लातूरच्या मिलींची धुराडी दिसायला लागली होती.

"काय म्हणाला?"

"म्हनतो, अब्बा, मी उभाच न्हव्हतो. तुमची गाडी हलली तसा पोरांसंगं खेळायला गेलो."

"बघा! उगाच इतकी वर्षं..."

गफूरभाईंनी पुढच्या बाकावर झोपलेल्या माधवचं घसरलेलं डोकं उचलून नीट सीटला टेकवलं.

"खोटं बोलून राहिला, सर," ते म्हणाले. "त्या स्टँडवर कोन पोरंच न्हव्हती."