मागच्या सीटवरची काबरी

शनिवारी सकाळी महेंद्रने फियाटवरची ताडपत्री काढली, मागचा दरवाजा उघडला आणि आत बसलेल्या कोंबडीने त्याच्या हाताला कडकडून चोच मारली.

"पौर्णिमाऽऽ!"

पौर्णिमा भाकऱ्या थापत होती. फियाटपाशी उभं राहून मारलेल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. पण आजची हाक वेगळी वाटली, म्हणून ती पिठाच्या हातानेच बाहेर आली. पाहते तर मागच्या सीटवर टोपली, टोपलीत भाताचा पेंढा आणि पेंढ्यावर पिसं फुलवून बसलेली काबरी कोंबडी.

"अगबाई! रेक्झिन छान मऊ लागत असेल नाय तिला?" पौर्णिमा म्हणाली.

ह्या फियाटबद्दल चार शब्द सांगितलेच पाहिजेत. घराणं इटलीचं, जन्म मुंबईतल्या कारखान्यात, आणि वय महेंद्रपेक्षाही जास्त. कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे ती टायरांशिवाय बसली होती. तिथून महेंद्रने तिला आसनगावला घरी आणली आणि तीन वर्षांतला एकही रविवार तिने त्याला सोडला नाही. पौर्णिमाच्या चहाच्या गाळणीतून पेट्रोल गाळलं गेलं. इडलीच्या साच्यात नटबोल्ट जाऊन बसले, ते अजून तिथेच आहेत. मागच्या सीटचं मरून रेक्झिन तर दोनदा चढवलं, कारण पहिला मरून 'तो' मरून नव्हता.

'तो' मरून महेंद्रने सहा वर्षांचा असताना पाहिला होता. त्याचे वडील रामा कल्याणच्या एका शेठकडे ड्रायव्हर होते, गाडी हीच. एकदा नाशिकला जाताना ते दोन मिनिटं घरापाशी थांबले. मागे बसलेल्या मालकीणबाईंनी पाणी मागितलं. महेंद्रची आई, गोजाबाई, तांब्या घेऊन आली, पाणी दिलं, आणि गाडीत बघत उभीच राहिली. गाडी सुटली तरी बघत राहिली. एक दिवस आईला ह्याच गाडीत मागे बसवून मालकिणीसारखी न्यायची, असं पोराने तेव्हाच मनात धरलं. वडील ते बघायला राहिले नाहीत. पण आई होती, आणि उद्या मुरबाडला तिच्या भावाच्या नातीचं, मेघाचं लग्न होतं. आई फियाटमध्ये मागच्या सीटवर बसून येणार, हे महेंद्रने अख्ख्या आजोळाला फोन करकरून सांगितलं होतं.

आणि त्या सीटवर आता ही बया बसली होती.

"आई! ही इथं कोणी ठेवली?"

"मी," गोजाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "काल तू हापिसात होतास तवा. मुंगूस फिरतंय रे. तुझ्या गाडीची दारं लय घट्ट बसतात, तूच सांगतोस ना सगळ्यांना? काच दोन बोटं खाली ठेवलीय, वारा येतो."

"मग आता उचल तिला!"

"खुडूक कोंबडी एकदा हलवली तर चालतं. दुसऱ्यांदा हलवली तर अंड्यांवर बसायची नाय. अकरा अंडी हायेत. उद्या एकवीस दिवस भरतात."

इतक्यात भगीरथ मिस्त्री मोटारसायकलवरून आला. इंजिनाची शेवटची तपासणी करायला शहापूरहून खास आला होता. त्याने मागच्या खिडकीतून शांतपणे आत पाहिलं.

"हा पार्ट मी बसवलेला नाय," तो म्हणाला.

महेंद्रला हसू आलं नाही. त्याने टोपलीला हात घातला मात्र, काबरी फडफडत उठली, नव्या रेक्झिनवर आपली सही करून पुढच्या सीटवर गेली, तिथून स्टिअरिंगवर, आणि महेंद्रच्या डोक्यावर पाय देऊन अंगणात. मग एक बाप्या आणि एक कोंबडी अर्धा तास घराभोवती धावत होते. भगीरथने साठी ओलांडलेली, त्यामुळे तो एका जागी उभा राहून नुसता "आली, आली!" म्हणत होता.

गोजाबाईंनी तोवर टोपली मांडीवर घेतली, अंड्यांवर पदर पांघरला आणि दोन्ही हात वरून धरून बसून राहिल्या. महेंद्र घामाघूम होऊन समोर आला तेव्हा त्यांनी एक अंडं त्याच्या कानाला लावलं.

आत कोणीतरी ठोकत होतं. बारीक, पण अगदी नेटाने. महेंद्रने अंडं दोन्ही हातांनी परत ठेवलं आणि टोपली स्वतःच गाडीत नेऊन होती तशी मांडली. दार उघडं ठेवून सगळे लांब झाले, तशी काबरी तोऱ्यात आली, सीटवर चढली आणि बसली. त्यानंतर तिला उतरवायची भाषा त्याने केली नाही.

"तुमी जा गाडीनं," गोजाबाई म्हणाल्या. "मी एसटीनं येते."

"एसटीनं?" महेंद्रचा आवाजच फुटला. "तीन वर्षं मी हे कोणासाठी केलं आई?"

मग पौर्णिमाच म्हणाली, "अहो, डोळे पुसा. काबरीला घेऊनच जाऊ. मी मागं बसते तिच्याजवळ. आई पुढं बसतील. वाटेत गाडी अडलीच तर भगीरथ भाऊ मोटारसायकलवर मागून येतील."

"आई पुढं? ड्रायव्हरच्या बाजूला?"

"मग काय टपावर बसवता?"

गोजाबाई गुपचूप ओट्यावरून उठल्या आणि उद्याची पांढरी साडी काढायला आत गेल्या. चाल जरा जास्तच चपळ होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी वरात निघाली. गोजाबाईंची ताकीद होती, हॉर्न नाही आणि ब्रेक दाबायचा तो हळू. महेंद्र वीसच्या वर गेला नाही. मागे टेम्पो, दूधवाले आणि एका एसटीची रांग लागली, सगळे हॉर्न मारतायत आणि पुढची गाडी मात्र मुकी. किन्हवलीला एक म्हैस रस्त्यात आडवी राहिली. महेंद्रने खिडकीतून डोकं काढून तिला "बाजूला हो गो," अशी विनंती केली. म्हशीने विचार करायला वेळ घेतला.

सरळगावच्या अलीकडे तो आवाज सुरू झाला. चीं, चीं, चीं.

महेंद्रने गाडी कडेला घेतली. भगीरथ येऊन बॉनेट उघडून कान लावून उभा राहिला.

"पंख्याचा पट्टा," तो म्हणाला. "सुकलाय. जरा पाणी मारतो."

पाणी मारलं, आवाज चालूच. पट्टा सैल केला, चालूच. पुन्हा आवळला, तर वाढला.

"इंजिन बंद करा."

महेंद्रने इंजिन बंद केलं. चीं, चीं, चीं. भगीरथचा चेहरा उतरला. "गाडी बंद आणि पट्टा वाजतोय. चाळीस वर्षांत असं कधी बघितलं नाय भाऊ."

"भगीरथ भाऊ," मागून पौर्णिमा म्हणाली, "तुमचा पट्टा हितं माझ्या मांडीवर आलाय. नऊ झाले, दोन बाकी हायेत."

सगळे मागच्या खिडकीत वाकले. काबरीच्या पंखाखालून ओली, पिवळी डोकी बाहेर येत होती. भगीरथने डोक्यावरची टोपी काढली. महेंद्रला हसावं की रडावं कळेना, त्याने दोन्ही केलं.

गाडी पुन्हा सुरू झाल्यावर पौर्णिमा सहज म्हणाली, "आई, एक विचारू? शेजारच्या रंगूमावशी परवा म्हणत होत्या, औंदा मुंगूस फिरकलंच नाय म्हणून."

गोजाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "लय चौकशा करतेस गो."

महेंद्रचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला. "आई! म्हणजे मुद्दाम?"

"मग काय करू? मला मागं नव्हतं बसायचं. तोंडावर सांगितलं असतं तर तुझं मन मोडलं असतं. दोनदा रेक्झिन बदललंस रे तू."

"पण त्या दिवशी तू बघत होतीस ना? मालकीणबाई मागं बसल्या होत्या, आणि तू..."

"मालकिणीला कोण बघतंय?" गोजाबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या बाजूची सीट मोकळी होती. ती बघत होते मी." त्यांनी आपल्या सीटच्या कडेवरून हात फिरवला. "सव्वीस वर्षं गाडी चालवली त्यांनी. ती जागा मोकळीच जायची. मला एकदा तिथं बसायचं होतं."

पुढचा मैलभर महेंद्रला रस्ता नीट दिसत नव्हता, पण विसाच्या वेगाला तेवढं चालून जातं.

मुरबाडला हॉलसमोर अख्खं माहेर पांढऱ्या कपड्यांत उभं होतं. "आता वाजव हॉर्न," गोजाबाई म्हणाल्या, "अकराही पोरं अंड्यातनं बाहेर आली." महेंद्रने असा वाजवला की बँडवाला थांबला. थोरले मामा, कोंडूमामा, हार घेऊन पुढे झाले. बहीण कुठे बसून येणार ते त्यांना फोनवर पाच वेळा ऐकवलेलं, त्यामुळे इकडेतिकडे न बघता त्यांनी अदबीने मागचा दरवाजा उघडला, "जय भीम ताई!" म्हणत हार पुढे केला, आणि काबरीने त्यातली दोन फुलं टोचून उपटली.

हशा पिकला. पौर्णिमा अकरा पिल्लं पदरात सांभाळत उतरली, तिच्यामागे काबरी. पुढून मात्र कोणी उतरेना. महेंद्र फिरून आईच्या बाजूला आला आणि त्याने दार उघडून धरलं.

गोजाबाईंनी ते आतून ओढून लावून घेतलं.

"लग्नाला टाइम हाय ना रे अजून?" त्या म्हणाल्या. "बस तुझ्या जागेवर. अजून एक चक्कर मार."