सपाट दिसणारा घाट

सायकलस्वारांच्या 'घाटवाट' या संकेतस्थळाने प्रेरणाचा फोटो दुसऱ्यांदा परत पाठवला. शेरा तोच: 'रस्ता छान, पण सपाट दिसतो. चढ कळेल असा फोटो उद्या दुपारी बारापर्यंत आला नाही, तर हा घाट यादीतून वगळू. फोटोत माणसं नकोत.'

भौतिकशास्त्रात पदवी घेतलेल्या प्रेरणाला हे फार लागलं. मोताळ्याकडून बुलढाण्याला चढणारा घाट, आणि सपाट? दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाटमाथ्यावरच्या गावातून भगवंतकाकांना त्यांच्या सायकलीसकट घेऊन निघाली. फोटोच्या चौकटीत सायकल असली की चढ कळेल, असा तिचा तर्क होता.

निघताना सोजराकाकू कडाडल्या, "चौसष्ट वर्षं झाले, गुडघे वाजतात, अन् चालले सायकल घेऊन. आता त्या सायकलीसंगच राहा. घरी येऊ नोका."

वाटेत काकांनी प्रेरणाच्या फोनवरच्या संकेतस्थळाच्या फॉर्ममध्ये डोकावून पाहिलं. घाट किती अवघड, त्या श्रेणीचा रकाना रिकामा होता. "सोपा लिव," ते म्हणाले. "मी तं गाणं म्हनत चढतो हा घाट."

"काका, तुमी बसनं चढता."

"मंग? गाणं तं म्हनतोच ना."

एका वळणाखाली, दरीच्या कडेला सायकल उभी केली. ती उतारावर सरकायला लागली, तेव्हा काकांनी चपला काढून चाकांखाली सारल्या आणि मोठ्या दगडाआड जाऊन बसले. पांढरी टोपी दगडावरून दिसत होती, म्हणून प्रेरणाने ती हँडलला अडकवली.

"मी शिट्टी वाजवत नाही तोवर हालायचं नाही."

"हाव. नाही हालत."

प्रेरणा वरच्या वळणावर गेली. दोन-चार फोटो काढले, पण ऊन नीट पडेना म्हणून थांबली. तेवढ्यात शेखरची दुधाची गाडी खाली थांबली. शेखरने सायकल ओळखली. मग चपला पाहिल्या, मग टोपी, मग दरी. आणि मग खिशातून फोन काढून काकूंना लावला.

एकाला पाहून दुसरी मोटारसायकल थांबली. प्रेरणा वरून मोजत होती: पाच, नऊ, सतरा. साडेअकरा वाजत आले होते. सगळी चौकट माणसांनी भरली. तिने ओरडून दोन्ही हातांनी 'बाजूला व्हा' अशी खूण केली. आवाज चढणाऱ्या ट्रकच्या घरघरीत बुडाला. हात तेवढे दिसले, आणि ते दरीकडे होते.

"पोरगी सांगून राह्यली, तिकडंच गेले," शेखर म्हणाला. सतराही जण दरीत वाकले.

काकू कोणाच्या तरी मोटारसायकलवरून आल्या. टोपी पाहताच ती छातीशी धरून रस्त्यावरच बसल्या. "मीच म्हनलं हो, घरी येऊ नोका म्हून."

"लय चांगला मानूस," शेखरने डोळे पुसले. "पातळ दूध दिलं तरी मले एका शब्दानं बोलला नाही."

काकूंचं रडणं क्षणभर थांबलं. "पातळ देत होता तू?"

शेखर दरीकडे पाहू लागला. काकूंनी पुन्हा टोपी छातीशी धरली. "वापस या हो. रोज सायकल चालवा. मी अडवलं तं नाव बदला माह्यं."

"ऐकलं ना बे सगळ्यायनं?" दगडाआडून आवाज आला. "मी आहो इथंच. पण शिट्टी नाही वाजली अजून."

सतरा माणसांनी एकदमच श्वास सोडला. काकूंनी आधी काकांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली.

प्रेरणा धापा टाकत खाली आली तेव्हा पावणेबारा झाले होते. तिने फोटो चाळले. नुसत्या सायकलीचे सगळे सपाट; सायकल रस्त्याबरोबरच तिरकी झालेली. मात्र खुणा करताना चुकून दाबला गेलेला एक फोटो होता. त्यात रस्ता तिरका होता आणि त्यावर गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ उभी सतरा माणसं. तिने डोळे मिटून तोच पाठवला.

बाराला तीन मिनिटं असताना उत्तर आलं. 'माणसं नकोत हा नियम आहे, पण त्यांच्यामुळेच चढ दिसला. मंजूर. श्रेणी मात्र लिहायची राहिली.' प्रेरणाने उत्तर दोनदा वाचलं. घाट वाचला होता. काकाही.

"सोपा लिव," सायकलवर टांग टाकत काका म्हणाले. मागे कॅरियर कुरकुरलं. त्यांनी वळून पाहिलं. "तू काऊन बसली?"

"चालवा म्हनलं मी," काकू पदर खोचत म्हणाल्या. "एकटेच चालवा म्हनलं काय?"

शेखरने मागून धक्का दिला. पहिल्या वळणापर्यंत काकांचं गाणं ऐकू आलं. दुसऱ्या वळणाच्या आधीच ते बंद पडलं. प्रेरणा फोन हातात धरून थांबली. थोड्या वेळाने वरून आवाज आला.

"पोरी, कठीण लिव."