बिनचूकरावांचा अर्ज

"सरकारी विम्यात बसणारा फिजिओथेरपिस्ट ना? मंजुरी येऊ दे, त्याच दिवशी दुपारच्या चहाआधी शोधून दाखवतो!" असं म्हणून बिनचूकरावांनी पेनाचं टोपण काढलं.

हे नाव त्यांना कचेरीने दिलेलं. एकतीस वर्षं नोंदणी खात्यात काढली, पण त्यांच्या हातचा एकही कागद कधी परत आला नाही. निवृत्तीच्या भाषणात हे वाक्य त्यांनी स्वतःच तीनदा म्हटलं होतं.

बायकोचा उजवा खांदा दोन महिन्यांपासून आखडला होता. हात कानापर्यंतसुद्धा जाईना. त्यामुळे तिची वेणी रोज सकाळी बिनचूकराव घालत. वेणी घट्ट आणि नियमात बसणारी असे, पण दिसायला पार्सलच्या सुतळीसारखी! बायको आरशात बघायची आणि तिला रडू यायचं. "मला माझी वेणी माझ्या हाताने घालायचीय हो," एवढंच तिचं मागणं होतं.

बिनचूकराव टेबलापाशी तिच्यासमोर बसले.

"दुखरा खांदा?"

"हा," तिने दुसऱ्या हाताने दाखवला.

त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पट्टी घेऊन खाली दोन रेघा मारल्या. सही तिने डाव्या हाताने कशीबशी केली. पंधरा दिवसांत मंजुरी आली, सोबत विम्यात बसणाऱ्या थेरपिस्टांची यादी. बिनचूकरावांची छाती फुगली.

मग यादी घेऊन दोघं निघाली. पहिल्या पत्त्यावर चष्म्याचं दुकान निघालं. दुसरीकडे थेरपिस्ट होता, पण विम्याचं कार्ड बघताच त्याला एकदम मीटिंग आठवली. तिसरा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि वर पोचल्यावर कळलं की तो गुरांचा डॉक्टर!

"यादीत चुका आहेत," बिनचूकराव म्हणाले. "माणसं कागद नीट भरत नाहीत."

चौथा पत्ता घरापासून दोन गल्ल्यांवर होता. दवाखान्यातल्या मुलीने हसून कार्ड घेतलं. दुपारच्या चहाला अजून वीस मिनिटं होती! बिनचूकरावांनी बायकोकडे असं पाहिलं की तिला मान डोलवावीच लागली.

"काकू, डावा हात वर करा बघू," मुलगी म्हणाली.

काकूंनी डावा हात सरळ छताकडे नेला.

"अरे वा! मग आलात कशाला?"

"अगं, दुखतोय उजवा!"

"कागदावर डावा आहे."

"छपाईची चूक!" बिनचूकराव गरजले आणि त्यांनी कागद ओढून घेतला. अक्षर त्यांचंच होतं. डावा. खाली दोन रेघा. समोर बसलेल्या बायकोचा उजवा खांदा त्यांच्या डाव्या बाजूला होता, आणि त्यांनी तो तसाच नोंदवून टाकला होता!

त्यांनी तिथूनच विमा कार्यालयाला फोन लावला.

"एकदा मंजूर झालं की बदलता येत नाही," पलीकडून उत्तर आलं. "डाव्याचे दहा आठवडे संपवा, मग उजव्याचा अर्ज करा."

"अहो, पण पेशंटचा विचार करा!"

"साहेब, नियम आहे."

हे वाक्य बिनचूकराव स्वतः एकतीस वर्षं म्हणत आले होते. ऐकायला इतकं वाईट लागतं याची त्यांना कल्पना नव्हती.

"हिला आरशासमोर उभं केलं तर?" त्यांनी विचारलं. "आरशात डावा..."

"अहो, तुम्ही गप्प बसा!" बायको म्हणाली.

मुलीने जरा विचार केला आणि कोपऱ्यातली काठी आणली. "काकू, ही दोन्ही हातांनी आडवी धरा. व्यायाम डाव्याचा बरं का! डाव्याने काठी हळूहळू वर ढकला. आता उजव्याने काठी धरलीच आहे, तो मागोमाग गेला तर त्याला मी काय करणार?"

उजवा हात कण्हत कण्हत खांद्यापर्यंत आला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं निम्मं दुखण्याचं होतं.

दहा आठवडे दवाखान्यात काठी आणि घरी झाडूचा दांडा. शेवटच्या आठवड्यात एके सकाळी बिनचूकराव कंगवा घेऊन आले, तर बायको आरशासमोर स्वतःची वेणी घालत होती. मऊ, सैलसर, अगदी तिची वेणी! त्यांना फार आनंद झाला. कंगवा हातात तसाच राहिला याचं थोडं वाईटही वाटलं.

कंगवा फडताळावर ठेवायला त्यांनी हात उचलला आणि ते किंचाळले. इतके महिने हात उचलून वेण्या घातल्याचा हा प्रसाद! खांदा गच्च आखडला होता.

"काही घाबरू नकोस," ते कण्हत म्हणाले. "पत्ता माहीत आहे, कार्ड आहे. फक्त अर्ज भरायचा!"

पेन मात्र त्यांना धरता येईना. बायकोने ते काढून घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसली. त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग उठली, खुर्ची ओढत टेबलाच्या त्यांच्या बाजूला आणली आणि खेटून बसली.

"बोला. कोणता?"

बिनचूकरावांनी दुखऱ्या खांद्यावर फक्त बोट ठेवलं.

"ठेवा तस्सं," ती म्हणाली. "माझं लिहून होईपर्यंत हलवू नका!"