अर्धेरावांची अख्खी नोट

त्या रविवारी अर्धेराव फक्त टेबल बघायला निघाले होते. विकत घ्यायला नव्हे, नुसतं बघायला. (वस्तू बघून यायची आणि "बघू" म्हणायचं, यावरच त्यांचा निम्मा संसार निभावला होता.) मागच्या इमारतीतले निवृत्त कॅशियर जेवणाचं जुनं टेबल काढून टाकणार होते, आणि खाली बसून जेवताना गुडघे कुरकुरतात म्हणून बायको कित्येक वर्षं टेबल मागत होती.

"हलवून बघा, पाय डुगडुगतात का बघा," बायकोने बजावलं. "आणि कृपा करा, तिथे नोटांचा विषय काढू नका."

अर्धेराव हे त्यांना कचेरीने ठेवलेलं नाव. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते तक्रारी घ्यायला बसत. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गोऱ्या साहेबाच्या काळातल्या नोटा बघायच्या, हा त्यांचा क्रम. त्यातली सगळ्यात लाडकी नोट नेमकी अर्धी होती. त्या काळी टपाल वाटेत लुटलं जाई, म्हणून लोक नोट मधोमध कापत. एक तुकडा आधी पाठवायचा, तो पोचल्याची खबर आली की दुसरा. नंबर दोन्हीकडे छापलेला असे, म्हणजे जोडीला जोड बरोबर लागे. अर्धेरावांकडे डावा तुकडा होता. उजवा कुठे गेला, देव जाणे.

पण डावासुद्धा काय होता म्हणून सांगू! पांढरा कागद, एकाच बाजूला काळी छपाई, पहिल्या अक्षराला अशी वेलांटलेली शेपटी की लिहिणाऱ्याला घरी जायची घाईच नसावी. खिडकीशी धरला की कागदाच्या पोटात लाटांच्या रेषा उमटत. त्या मध्यापर्यंत येत आणि तिथेच तुटत. कचेरीत धड उमटलेला एक शिक्का बघायला मिळत नसे, म्हणून त्या रेषा बघून अर्धेरावांना फार बरं वाटे. आणि तुटल्या की तितकंच वाईट. त्यांचं सगळंच तसं होतं. घर दीड खोलीचं. बढतीचा हुकूम आला, पगार आला नाही. परवा तर दाताच्या डॉक्टरने अर्धी दाढ काढली आणि उरलेली पुढच्या आठवड्यावर ठेवून तो गावाला गेला. डोळे मिटायच्या आधी एक तरी गोष्ट अख्खी बघावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

कॅशियरांनी दार उघडलं. "टेबल ना? हे काय, या." टेबलावर एक अल्बम उघडा पडला होता. अर्धेरावांनी टेबल हलवायला हात घातला आणि तो हात तिथेच राहिला. अल्बमात एक उजवा तुकडा होता. बायकोचा वाढदिवस ते दर वर्षी विसरत, पण हा नंबर त्यांना झोपेतही आला असता.

"अहो, हा माझा आहे!" अर्धेराव ओरडले.

"तुमचा कसा? मी विकत घेतलाय."

"म्हणजे, याचा डावा माझ्याकडे आहे!"

कॅशियर खुर्चीत बसले. मग उठले. "डावा मला देऊन टाका."

"उजवा तुम्ही मला द्या."

"शक्य नाही."

"मग माझंही नाही."

घरी बायको दारातच उभी होती. "कसे आहेत पाय?"

"उजवा सापडला!"

"म्हणजे डावा नाहीये? तीन पायांचं टेबल नको हं मला!"

पुढे कित्येक रविवार या दोघांची बोलणी चालली. चहा व्हायचा, दोघं एकमेकांचा तुकडा उजेडात धरून उसासे टाकायचे, आणि आपापला तुकडा खिशात घालून उठायचे. अर्धेराव इतके थकले की घरी पाणी येत नाही म्हणून कचेरीत येऊन रडणाऱ्या माणसाला ते म्हणाले, "तुमचं निदान अर्धा तास तरी येतं ना?"

शेवटी चहा करून कंटाळलेल्या कॅशियरीणबाईंनीच निवाडा केला. "लोक म्हातारे आईबाप वाटून घेतात की! सहा महिने आमच्याकडे, सहा महिने तुमच्याकडे. चिकटवा एकदाची आणि सोडा मला."

चिकटवायचं ठरलं. चिकटपट्टीचं नाव काढायचं नाही, ती कागद खाते. जुन्या पद्धतीने पातळ कागदाची पट्टी मागून लावायची, तीही घरच्या खळीने. कॅशियरांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.

"काढा ते!" अर्धेराव म्हणाले. "शाई लागेल नोटेला."

काढलं. (इथे त्यांनी तोंड उघडलं नसतं तर ही गोष्टच झाली नसती.) दोघांनी श्वास रोखून तुकडे आधी दिव्यासमोर धरून जुळवले. लाटा लाटांना मिळाल्या. अर्धेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नोटेवर पडू नये म्हणून कॅशियरांनी त्यांना मागे ओढलं. मग मागून खळीची पट्टी लावली, नोट टेबलावर सरळ पसरली, वर कागद घातला, त्यावर तांदळाचा डबा ठेवला आणि दोघं समाधानाने झोपायला गेले.

सकाळी डबा उचलला. नोट अख्खी होती, सपाट होती, सुंदर होती. फक्त टेबलावरून निघत नव्हती. खळ कडेने झिरपून लाकडात मुरली होती. ओली करावी तर नंबराची शाई पसरणार, सुरी घालावी तर पुन्हा दोन तुकडे.

"आता?" कॅशियर म्हणाले.

"आता टेबलच सहा महिने इथे, सहा महिने तिथे," कॅशियरीणबाई म्हणाल्या. "आणि पहिली पाळी त्यांची. आजच न्या. माझी जागा मोकळी होऊ दे."

नोटेवर काच बसवली, आणि चौघा हमालांनी टेबल जिन्यावरून वर चढवलं. अर्धेराव मागून "मधल्या भागाला धक्का नको!" म्हणत धापा टाकत होते. टेबल घरात आलं तेव्हा कपाट गॅलरीत गेलं. बायकोने टेबल हलवून पाहिलं. पाय डुगडुगले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच ती नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती.

संध्याकाळी अर्धेराव कचेरीतून जवळजवळ पळतच आले. टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड होतं. वर मिक्सर, पाण्याचा माठ, लोणच्याच्या बरण्या.

"अगं, माझी नोट!"

"काचेवर आमटी सांडली तर? तुमच्याच नोटेच्या काळजीने घातलं."

"एकदा बघू तरी दे. दिवसभर तेवढ्यासाठीच जीव धरून होतो गं."

बायकोला दया आली. तिने बरण्या सरकवल्या, डाव्या बाजूचं मेणकापड मध्यापर्यंत दुमडलं आणि थांबली.

"आणि उरलेलं?"

"तिकडे माठ आहे, भरलेला. आता कोण उचलणार?"

अर्धेरावांनी वाकून पाहिलं. वेलांटलेल्या शेपटीचं अक्षर, त्याखालच्या बारीक रेषा, नंबर. सगळं मध्यापर्यंत येत होतं आणि मेणकापडाखाली जात होतं.