केक कबूल आहे

गुरुवारी दुपारी विबेकेनं पडद्यावरचे ठिपके पुन्हा एकदा पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. बेटावरच्या नगरपालिकेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा एकेक ठिपका तिच्यासमोर होता. अपडेट चढलं की ठिपका हिरवा, नाही तोवर लाल. महिनाभर ती घसा फोडून सांगत होती, आणि पडदा अजून गोवर आल्यासारखा दिसत होता.

दुखणं साधंच होतं. अपडेट चढायला मशीन दोनेक तास एकटं सोडावं लागे आणि तेवढं करायला कुणाची तयारी नव्हती. 'आत्ता की नंतर?' असं मशीननं विचारलं की अख्खी नगरपालिका एकदिलानं 'नंतर' दाबायची. एरवी सायकलींच्या छपराला कुठला रंग द्यायचा यावरसुद्धा या मंडळींचं एकमत होत नसे.

"अगं गुद्रून, आज तरी दाब ना बाई!" विबेके स्वागतकक्षात जाऊन म्हणाली.

"दाबलं असतं गं, पण माझ्या इतक्या खिडक्या उघड्या आहेत! बंद केल्या आणि परत सापडल्याच नाहीत तर?"

"त्या खिडक्यांत आहे तरी काय?"

"ते आता कुठे आठवतंय? म्हणून तर उघड्या ठेवल्यात."

बांधकाम परवान्यांच्या खोलीत एब्बे बसायचा. त्यानं तर मानही वर केली नाही. "मागच्या अपडेटनंतर माझा प्रिंटर रुसला होता. मी नाही विसरलो," एवढं बोलून त्यानं 'नंतर' दाबलं. तिच्या डोळ्यांदेखत दाबलं.

तेवढ्यात मुख्य अधिकारी प्रेबेन आला. चांगला माणूस, पण वाईट बातमी सांगताना उगाच हसायचा. आज तो चांगलाच हसत होता.

"विबेके, उद्या दुपारच्या फेरीबोटीनं तपासणीला पलीकडच्या संगणक खात्याचा लॉरिट्स येतोय. एक जरी ठिपका लाल दिसला ना, तर आपली सगळी मशीनं त्यांच्या खात्याकडे जाणार."

"आणि मी?"

"तूही जाणार की! मस्त कचेरी आहे त्यांची. रोज फेरीनं जायचं, फेरीनं यायचं."

फेरीवर पाऊल ठेवलं की विबेकेला पहिल्या लाटेपासून उलट्या व्हायच्या. समुद्र शांत असला तरी व्हायच्या. शिवाय बंदराकडे उघडणारी ही खोली आणि आपलेपणानं वैताग देणारी ही माणसं तिला सोडायची नव्हती. काय वाट्टेल ते होवो, पण उद्या सगळे ठिपके हिरवे झालेच पाहिजेत, असं तिनं मनाशी ठरवलं.

लॉक केलेलं मशीन थोड्या वेळानं झोपी जातं आणि झोपलेल्या मशीनवर अपडेट चढत नाही. म्हणून तिनं सगळ्यांना मेल धाडला: 'आज घरी जाताना मशीन बंद करू नका. लॉकही करू नका. तसंच उघडं ठेवून खुशाल जा. बाकी मी बघते.'

मेल गेला आणि विबेके निश्चिंत मनानं घरी गेली. एक गोष्ट मात्र ती साफ विसरली.

त्या कचेरीत एक शिरस्ता होता. कुणी मशीन लॉक न करता जागेवरून उठलं, की शेजाऱ्यानं हळूच जाऊन त्याच्या नावानं सगळ्यांना लिहायचं: 'उद्या मी केक आणतो.' आणि नावावर लागलेला केक आणावाच लागे. 'ते मी लिहिलंच नाही' असं म्हणणाऱ्याची अब्रू जी जायची, ती निवृत्त होईपर्यंत काही परत येत नसे. गंमत म्हणजे हा शिरस्ता विबेकेनंच पाडला होता, लोकांना लॉक करायची सवय लागावी म्हणून.

आता त्याच विबेकेनं लेखी हुकूम दिला होता, की मशीनं उघडी टाका. मंडळींनी घरी निघताना कोट चढवले, शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, आणि एकेकाचे हात शिवशिवायला लागले.

शुक्रवारी सकाळी विबेकेनं पडदा सुरू केला. ठिपके लालच! कचेरीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या नावानं प्रत्येकाला केकचा मेल गेला होता, वर केकचे भलेथोरले फोटो जोडलेले. त्या फोटोंनी सगळी वाट तुंबवली होती आणि अपडेट बिचारं रात्रभर मागे ताटकळलं होतं. ते नुकतंच कुठे मशीनांपर्यंत पोचत होतं. अजून दोन तास तरी कुणी त्यांना हात लावायला नको होता.

आणि नेमके त्याच वेळी लोक कामावर येत होते. हातात केक घेऊन.

गुद्रूननं तीन थरांचा मलईचा केक आणला होता. करवसुलीच्या जोडगोळीनं नारळाचा आणला. प्रेबेननं स्वतः सफरचंदांचा भाजला होता, तो मधोमध खचला होता, आणि ती खळगी त्यानं कागदी झेंड्यांनी झाकली होती. ग्रंथालय, शाळा, पाणीपुरवठा, एकही खातं रिकाम्या हातानं आलं नाही.

"अगं, तूच सांगितलंस ना उघडं ठेवा म्हणून?" गुद्रून म्हणाली. "माझ्या नावावर सहा केक लागले. एकावरच भागवा म्हणावं. बरं, बाजूला हो, मेल बघू दे."

"थांब!" विबेके इतक्या जोरात ओरडली की गुद्रूनच्या केकवरची स्ट्रॉबेरी घरंगळली. विबेकेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. "मेल नंतर! आधी केक. सगळ्यांनी जेवणघरात चला. आणि हे बघा, प्रत्येकानं प्रत्येकाचा केक चाखायचा. एकाचा जरी सोडला तर त्याला काय वाटेल?"

हा मुद्दा कुणालाच खोडता येईना. केक सोडणं म्हणजे करणाऱ्याचा अपमान, आणि केक तर टेबलावर मावत नव्हते. महिनाभर जी माणसं 'वेळ नाही, वेळ नाही' म्हणत होती, ती कॉफीच्या किटल्या घेऊन ठाण मांडून बसली. कुणी उठू लागलं की विबेके म्हणायची, "पाणीपुरवठ्याचा खाल्लास का?" की तो मुकाट्यानं खाली बसायचा.

मधूनच ती धावत जाऊन पडदा पाहून यायची. ठिपके पटापट हिरवे होत होते. शेवटी एकच लाल उरला, एब्बेचा.

एब्बे आपल्या खोलीत बंद मशीनसमोर तोंड पाडून बसला होता.

"काय रे, केक खायला नाही आलास?"

"मला कुणी बोलावलं?" तो फुगून म्हणाला. "सगळ्यांच्या नावानं केक लागले. माझ्या नावानं एकानं तरी लिहिलं का? इतकी वर्षं काढली इथं!"

"अरे देवा! एब्बे, तू मशीन बंद करून गेलास. लिहिणार कुठून?"

"तुझ्या अपडेटवर भरवसा नाही माझा." मग त्यानं हळूच खालचा खण ओढला. आत ब्राउन साखरेचा चिकट, चकचकीत केक होता. "बायकोनं केलाय. म्हटलं, कुणी लिहिलंच असलं तर... पंचाईत नको."

विबेकेला गलबलून आलं. "मशीन लाव," ती म्हणाली. "मग तिकडे तोंड करून उभा राहा."

एब्बे लगबगीनं भिंतीकडे वळला. तिनं त्याच्या नावानं लिहिलं: 'आज मी केक आणलाय. एब्बे.' आणि लगेच अपडेट सुरू केलं. दोघं जेवणघरात शिरले, तेव्हा फोनवर मेल वाचून मंडळी टाळ्या वाजवत उभी राहिली. एब्बेचे कान लाल झाले. पुढचे दोन तास तो स्वतः सगळ्यांना तुकडे वाढत हिंडला, आणि लॉरिट्स दारात उभा राहिला तेव्हा त्याचाही ठिपका हिरवा झाला होता.

लॉरिट्सनं पडदा पाहिला, एकही लाल सापडेना. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं तिथंच उघडा असलेला विबेकेचा गुरुवारचा मेल वाचला आणि चेहरा पुन्हा खुलला.

"लॉक करू नका? अख्खी नगरपालिका रात्रभर उघडी? विबेके, हिरव्या ठिपक्यांचं काय घेऊन बसलीस! अशा माणसाच्या हाती मशीनं ठेवता येणार नाहीत. हे मला लिहावंच लागेल."

तो जेवणघरात जाऊन लॅपटॉप उघडून अहवाल लिहायला बसला. विबेकेला तिथूनच फेरीच्या डिझेलचा वास यायला लागला.

"लिही बाबा, पण आधी थोडं खाऊन घे," प्रेबेन हसत म्हणाला आणि त्याला दंडाला धरून टेबलाकडे घेऊन गेला. लॉरिट्सनं मलईचा घेतला, नारळाचा घेतला, खचलेल्या सफरचंदाच्या केकचंही तोंडभर कौतुक केलं. बशी भरून तो परत येऊन बसतोय, तोच त्याचा फोन वाजला. पलीकडची बाई इतक्या आनंदानं बोलत होती की शेजारच्यांनाही ऐकू येत होतं.

"लॉरिट्स, किती गोड आहेस रे! आज सगळ्या मजल्याला केक? आम्ही कॉफी टाकून ठेवतो हं!"

लॉरिट्सनं वळून लॅपटॉपकडे पाहिलं. उघडाच होता.

"म्हणजे," विबेके अगदी मऊ आवाजात म्हणाली, "लॉक न करता उठलास होय रे?"

लॉरिट्सनं तोंडातला घास कसाबसा गिळला. तिची तक्रार करायची तर आपलीही चूक सांगावी लागणार, हे त्याला कळून चुकलं. शिवाय मजलाभर माणसं कॉफी टाकून वाट पाहत होती.

"अहवालात फक्त ठिपक्यांबद्दल लिहायचं असतं," तो शेवटी म्हणाला. "ते सगळे हिरवे आहेत. मशीनं तुझ्याकडेच राहतील." मग त्यानं उरलेल्या केकच्या राशीकडे पाहिलं. "ते... एवढं सगळं तुम्ही संपवणार आहात का?"

नगरपालिकेच्या पाच जणांनी मिळून लॉरिट्सला फेरीवर चढवलं. त्याच्या हनुवटीपर्यंत केकचे डबे होते, सर्वांत वर प्रेबेनचे झेंडे फडफडत होते. विबेकेनं धक्क्यावर उभं राहून फेरी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. समुद्र चांगलाच उसळला होता आणि ती मजेत जमिनीवर उभी होती.

"कुणी लिहिलं रे ते त्याच्या नावानं?" परतताना तिनं विचारलं. "त्याच्या लॅपटॉपच्या बटणांवर सगळी चिकट ब्राउन साखर लागली होती."

एब्बे बंदराकडे पाहत मन लावून बोटं चाटत होता.